पाठ केलेला रस्ता

मास्तरांकडे गाडी शिकलेला माणूस परीक्षेत नापास होत नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्या माणसाला गाडी चालवता येते की नाही, ही गोष्ट वेगळी. त्याबद्दल मास्तर कधी छातीठोकपणे बोलत नसत आणि कुणी विचारतही नसे.

त्यांची पद्धत साधी होती. ड्रायव्हिंगची परीक्षा घेणाऱ्या कचेरीच्या फाटकाबाहेर गाडी लावून ते बसत आणि आतून जो कुणी बाहेर येई, मग तो आपला असो की परका, त्याला गाठून विचारत. "कुठून नेलं? चढावर थांबवलं का? गाडी मागे घ्यायला लावली ती कुठल्या गल्लीत?" असं दाणा दाणा टिपून त्यांनी परीक्षेचा अख्खा रस्ता पाठ केला होता आणि शिष्यांकडून तो ते घोकून घेत. औषधांच्या दुकानापाशी दुसरा गिअर. पिवळी भिंत दिसली की इंडिकेटर. शाळेच्या पाटीआधी ब्रेक. एवढं करूनही कुणी गडबडलाच, तर शेजारच्या सीटखाली मास्तरांचा स्वतःचा एक ब्रेक होताच. तो दाबायची पायाला इतकी सवय लागली होती, की घरी जेवतानाही त्यांचा पाय टेबलाखाली मधूनच दाबला जाई.

एका दातांच्या डॉक्टरची गोष्ट ते मांडीवर थाप मारून सांगत. हा डॉक्टर पहिल्या फटक्यात पास झाला. पुढच्याच आठवड्यात रस्ता खणलेला होता म्हणून पोलिसाने त्याला बाजूच्या रस्त्याने वळवलं, आणि हा पठ्ठ्या थेट फर्निचरच्या दुकानात घुसला. नशीब की समोर सोफा होता. तिथूनच त्याने फोन केला, "मास्तर, हा रस्ता आपण केलाच नव्हता!"

ऐकणारे पोट धरधरून हसत. मास्तरही हसत. आपल्या शिकवण्यात काही खोट आहे, असं त्यांना त्या गोष्टीतून कधी वाटलं नाही. माणूस स्वतःच्या विनोदाचा अर्थ लावत बसत नाही.

हे हसणं एका विषयाशी मात्र थांबायचं. तो विषय म्हणजे त्यांची मुलगी. तिचं पाळण्यातलं नाव काहीही असो, गाल फुगवून खायच्या सवयीमुळे सगळे तिला खारू म्हणत. खारू जन्मली तीच निळसर. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. जेमतेम वितीएवढी छाती उघडून डॉक्टरांनी त्या आपापल्या जागी जोडल्या, आणि मग पोर गुलाबी झाली. त्या दिवसांत मास्तर जीव मुठीत धरून दवाखान्याच्या जिन्यावर बसून असायचे. आता खारू साडेपाच वर्षांची होती. छातीवरच्या उभ्या व्रणाला ती 'माझी चेन' म्हणायची आणि कुणी मागितलं नाही तरी दाखवायची.

इंजिन दुरुस्त झालं म्हणजे गाडी पळणार, असा मास्तरांचा साधा हिशोब होता. हृदयाच्या डॉक्टरांनी तो मोडला. "हृदय आता छान आहे," ते म्हणाले होते. "पण ती पोटात होती तेव्हापासून मेंदूला हवं तेवढं प्राणवायूचं रक्त मिळालेलं नाही. अशा मुलांचा मेंदू कधी कधी जरा मागून चालतो. हुशारी असते, पण एकामागून एक गोष्टी करणं, लक्ष एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं जड जातं. सगळ्यांनाच असं होत नाही. म्हणून शाळेआधी तपासून घ्यायचं. वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं."

खारूच्या आईने यातलं 'पुष्कळ करता येतं' ऐकलं. मास्तरांनी 'मागून' तेवढं ऐकलं.

त्याला कारण होतं. मास्तर शाळेत असताना त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं होतं आणि 'ठोंब्या' म्हणून हाक मारायची सगळ्या वर्गाला मुभा होती. पुढे गाड्या आल्या, शिष्य आले, मान मिळाला, लोक 'मास्तर' म्हणू लागले; पण तो बाक काही त्यांच्या मनातून उठला नाही. एकदा शिक्का बसला की पुसत नाही, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. आपल्या पोरीवर तो बसू द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवल्यावर त्यांनी जे केलं, ते जगात दुसऱ्या कुठल्या बापाला सुचलं नसतं.

खारू तीन वर्षांची असताना मुलांच्या तपासणी केंद्रात तिची एकदा तपासणी झाली होती. तेव्हा तिने ठोकळे भिरकावले आणि टेबलाखाली जाऊन बसली. मास्तर खोलीच्या कोपऱ्यात होते. त्यांनी आपल्या सवयीने सगळं ध्यानात ठेवलं. शाळेआधीची मोठी तपासणी जवळ आली तसे मग ते दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात त्या केंद्रावर जाऊन बसू लागले. तपासून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या आईबापांशी गप्पा मारायचे. "आमचीही येणार आहे हो. फार अवघड होतं का? काय काय विचारलं?" लोक बिचारे मोकळेपणाने सांगायचे. काउंटरवरच्या मुलीला तर भरून यायचं, किती मायाळू बाप म्हणून.

महिन्याभरात मास्तरांच्या हातात सगळा रस्ता आला. पहिलं वळण ठोकळ्यांचं. मग चित्रात काय हरवलंय ते. मग आकडे उलटे म्हणायचे. मग तपासणाऱ्या बाई 'दिवस' म्हणाल्या की चांदोबावर बोट ठेवायचं आणि 'रात्र' म्हणाल्या की सूर्यावर.

त्यांनी सुताराकडून तसेच ठोकळे करून घेतले. एक शिष्य उतरला आणि दुसरा यायला अवकाश असला, की बालवाडीतून आणलेली खारू गाडीच्या मागच्या सीटवर बसून घोकायची. लाल खाली, निळा वर, पिवळा आडवा. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पोरीने कधी कंटाळा केला नाही. पप्पा आपल्याशी इतका वेळ खेळतात याचाच तिला आनंद होता. ती विसरली की मास्तर हळूच पाय दाबत. तो दाबलेला पाय दिसला, की थांबायचं आणि पुन्हा विचार करायचा, हे खारूला न सांगता कळलं होतं.

खारूची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरी आली की तिला ठोकळे दिसायचे. "हे काय नवीन?" तिने एकदा विचारलं.

"खेळ," मास्तर म्हणाले.

"खेळात घाम कशाला येतो तुला?"

मास्तरांनी पंखा सुरू केला.

तपासणीच्या दिवशी तिघं त्या खोलीत गेले. दाराबाहेर बूट काढायचे असत. आत एक बुटकं टेबल, दोन छोट्या खुर्च्या आणि कोपऱ्यात आईबापांसाठी बाक. तपासणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या असतील. एवढ्याशा खुर्चीत त्या गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि आवाज असा, की झोपलेलं मूलही उठू नये.

बाईंनी पेटी उघडली. ठोकळे! अगदी तेच, फक्त कडा जास्त गुळगुळीत. खारूने बापाकडे एकदा पाहिलं आणि लाल खाली, निळा वर, पिवळा आडवा, धडाधड रचून मोकळी झाली. बाईंच्या भुवया वर गेल्या. मग चित्रं आली. बाईंनी छत्रीचं चित्र समोर ठेवलं आणि त्या काही बोलायच्या आतच खारू म्हणाली, "दांडी!"

"अगं, मला विचारू तर दे," बाई हसल्या.

मास्तरांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. खारूने तो पाहिला आणि ती गप्प झाली. पुढच्या चित्राला तिने बाईंचा प्रश्न पुरा होऊ दिला. शेजारी बसलेली आई चित्राकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या पायाकडे बघत होती.

आकडे झाले. सूर्य-चांदोबा झाले. एका ठिकाणी खारू अडखळली, पण निभावून नेलं. शेवटी बाई उठल्या आणि कंबर धरून सरळ उभ्या राहिल्या. "मला अगदी मनापासून आनंद झालाय," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांची असताना वाटलं होतं, हिला मदत लागेल. आता तर वयाच्या मानाने पुढेच आहे. पुढच्या महिन्यात आमचा छोटा वर्ग सुरू होतोय, एकेक पायरी करून कामं शिकवण्याचा. हिच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. ती आता दुसऱ्या मुलाला देते. बरेच जण वाट बघतायत."

"पण बाई," खारूची आई म्हणाली, "घरी हिला म्हटलं, बाटली भर, दप्तरात ठेव आणि चप्पल घाल, तर ही बाटली हातात घेऊन नुसती उभी राहते. रडकुंडीला येते."

"घरी मुलं लाडात येतात. इथे पाहिलंत ना तुम्ही?"

आईने मान हलवली. ती हो म्हणण्याची नव्हती, पण बाईंना तसं वाटलं.

बाहेर येताना मास्तर हवेत होते. पास! पहिल्या फटक्यात! पोरीला उचलून गरागरा फिरवावं असं त्यांना वाटत होतं. दाराबाहेरच्या बाकाखालून खारूचे बूट काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवले आणि ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत पाकीट, किल्ल्या चाचपू लागले.

नेहमीच्या दरवाजाकडे जाणारी फरशी तेवढ्यात धुवायला घेतली होती. सफाईच्या मावशी बादली घेऊन आडव्या उभ्या होत्या. त्यांनी खारूला सांगितलं, "बाळा, इकडे ओलं आहे. बूट हातात घे, त्या कडेकडेने जा आणि निळ्या दारातून बाहेर पड हं."

किती साधी गोष्ट. खारूने एक बूट उचलला. मग ती थांबली. उचललेल्या बुटाकडे तिने पाहिलं, तो खाली ठेवला, दुसरा उचलला. चार पावलं सरळ ओल्या फरशीतच गेली.

"अगं अगं! कडेने म्हटलं ना! आणि दुसरा बूट?" मावशी ओरडल्या. रागाने नव्हे, पोर घसरेल म्हणून.

खारू जागच्या जागी थिजली. मोजे ओले झाले होते. तिने निळ्या दाराकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. आणि मग वळून तिने बापाच्या पायाकडे पाहिलं. पाय काहीच सांगत नव्हता.

"पप्पा," ती म्हणाली, "हे आपण केलं नव्हतं."

मास्तरांच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. वर्षानुवर्षं मांडीवर थाप मारून सांगितलेलं वाक्य. ते ऐकून आपण किती हसलो होतो! त्या दातांच्या डॉक्टरसमोर सोफा तरी होता. हिच्यापुढे उद्या काय काय येईल? शाळेची घंटा, वह्या, रस्ता ओलांडणं, मुलांची चेष्टा. आणि शेजारच्या सीटवर कुणीही नसेल.

खारूची आई ओल्या फरशीतून गेली, पोरीला उचलून बाकावर बसवलं आणि मोजे काढून पिळू लागली. ती एरवी नवऱ्याला अरे-तुरे करायची. फार चिडली, की तेवढं सोडून द्यायची.

"मास्तर," ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही हिला पेपर पाठ करायला लावलात?"

मास्तरांनी होकार दिला. दुसरं करणार काय?

"आमच्या दुकानातही येतात अशी माणसं. अक्षरांचा तक्ता पाठ करून. चष्मा लागू नये म्हणून. धडाधड वाचतात आणि जाताना काचेच्या दारावर आपटतात. तक्ता पाठ केला म्हणून डोळ्याचा नंबर जातो का हो?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," मास्तर कुजबुजले. "शाळेत एकदा कळलं ना, की ही मागे आहे, की संपलं. तुला नाही माहीत तो बाक कसा असतो. मला माहीत आहे."

"तुझ्या बाकावर तुला मदत करायला कुणी आलं होतं का?"

मास्तरांनी किल्ल्या खिशात टाकल्या.

"हिला मदत करायला लोक तयार आहेत. आणि तू ताकाला जाऊन भांडं लपवतोयस." ती पुन्हा 'तू'वर आली होती, पण त्याने मास्तरांना बरं वाटलं नाही. "हृदय उघडून दाखवलंस ना डॉक्टरांना? तेव्हा नाही लाज वाटली. मग हे का झाकायचं?"

जा असं ती म्हणाली नाही, जाऊ नको असंही नाही. तिने पोरीचे गार पाय आपल्या ओंजळीत धरले. मास्तरांना वाटलं, अजूनही वेळ आहे, निळ्या दारातून बाहेर पडावं, गाडीत बसावं, कुणाला काही कळणार नाही. मग त्यांना दिसलं की खारू अजूनही त्यांच्या पायाकडेच बघते आहे. ते वळले आणि ओल्या फरशीवर पावलं उमटवत मागे गेले.

बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. "हो, एक जागा झालीय," त्या म्हणत होत्या. "अचानकच."

"बाई, थांबा," मास्तर म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले.

बाईंनी पलीकडच्या माणसाला जरा वेळाने करते म्हणून सांगितलं. मास्तरांनी मग सगळं ओकून टाकलं. बाहेरचा बाक, मुलांचे आईबाप, सुताराचे ठोकळे, पायाची खूण. बाईंचा आवाज त्यानंतरही चढला नाही, त्यामुळे ते ऐकणं अधिकच अवघड झालं.

"तुम्हाला काय वाटलं, मी हिला पास-नापास करायला बसलेय?" त्या म्हणाल्या. "ही कुठे अडते, एवढंच मला बघायचं होतं. आणि तुम्ही नेमक्या त्याच जागा लिंपून आणल्यात. वर्ग निघून गेला असता. शाळेत ही अशीच उभी राहिली असती आणि लोक म्हणाले असते, हट्टी आहे, आळशी आहे. आईने सांगितलं, तर ते मी लाडावर ढकललं. माझंही चुकलंच म्हणा."

मास्तरांनी खाली पाहिलं. हट्टी आणि आळशी. ठोंब्याच्या आधी त्यांना हेच दोन शब्द मिळाले होते.

"आता ही सगळी पेटी हिच्यासाठी बाद," बाईंनी ठोकळे आत टाकत म्हटलं. मग त्या थांबल्या. "हे सगळं तिने किती दिवसांत पाठ केलं म्हणालात?"

"महिन्याभरात."

"एकेक पायरी करून? चुकलं की पुन्हा पहिल्यापासून?"

"हो."

"आणि ती रडली नाही? पळाली नाही?"

"नाही बाई. तिला आवडायचं."

"मग एवढं तरी कळलं," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. "हिला शिकता येतं. पायरी दाखवणारं आणि वेळ देणारं कुणीतरी हवं. जा, आत पाठवा तिला. मी पेटीबिटी काही घेत नाही, नुसतं खेळते तिच्याशी. आणि तुम्ही बाहेर. पायासकट."

मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. दार बंद झालं. आत काय चाललंय, काही कळायला मार्ग नव्हता. एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला. एकदा बराच वेळ शांतता. एकदा खारूचं मुसमुसणं ऐकू आल्यासारखं वाटलं आणि त्यांचा पाय दाबला गेला. खाली नुसती फरशी होती. खारूच्या आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचाही जीव टांगणीला लागला होता.

शेवटी दार उघडलं. खारू अनवाणी बाहेर आली. डोळे लाल होते. बाई तिच्या मागे उभ्या होत्या. "जागा हिचीच," त्या आईला म्हणाल्या. "अडते ती, तुम्ही सांगितलंत तशीच. बोलू आपण सविस्तर."

जे टाळण्यासाठी महिनाभर घाम गाळला, ते घडलं होतं. मास्तरांना रडू येत होतं, आणि ते दुःखाचंच होतं असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. खारू जवळ आली तसं सवयीने त्यांचं तोंड उघडलं. काय काय विचारलं? शब्द जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

खारूने मात्र आपणहून सांगितलं. "पप्पा, सगळं वेगळंच होतं."

"मग?"

"मला आलंच नाही." ती जरा विचारात पडली. "मग मी थांबले. तर बाई पण थांबल्या."

"रागावल्या?"

"नाही. नुसत्या थांबल्या. मग मला आलं थोडंसं."

तिची आई तोंड फिरवून पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधू लागली. मास्तर बाकावरून उठून खाली फरशीवर बसले. दोन्ही बूट त्यांच्या हातात होते. त्यांनी एक मागे ठेवला.

"आधी हा," ते म्हणाले, आणि दुसरा तिच्यापुढे ठेवून थांबले.